हप्ता बघून पार्ट डी निवडू नका: 2026 साठी आई-बाबांचा औषधविमा

प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा 2019 च्या जानेवारीत ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत मुलाकडे आले. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर दोघांनी मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घेतला. बाबांनी त्याच वेळी औषधांसाठी पार्ट डी घेतला. आईला 'दोन गोळ्यांसाठी कशाला विमा' वाटलं, तिने घेतला नाही. बाबांना रक्त पातळ करणारं एलिक्विस आणि मधुमेहाचं जार्डियन्स चालू आहे, शिवाय मेटफॉर्मिन, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी. आता त्यांच्या प्लॅनचं पत्र आलंय: महिन्याचा प्रीमियम 18 डॉलरवरून 61, आणि ब्रँडेड औषधाला ठरावीक 47 डॉलर लागायचे तिथे आता 25 टक्के. मुलगा विचारतो: 'हे असं दर वर्षी होणार का? सगळ्यात कमी प्रीमियमचा प्लॅन घेऊन टाकू का? आणि भारतातून औषधं आणणं स्वस्त पडत असेल तर विमा हवाच कशाला?'

मी न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून निवृत्त झालो. आता शिप नावाच्या सरकारी मोफत सल्ला कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात असंच पत्र असतं, आणि बोट प्रीमियमच्या आकड्यावर ठेवलेलं असतं. त्या पत्रातला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. का, ते सांगतो. पण आधी पत्रात एवढी उलथापालथ कशी झाली ते कळायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा गोंधळ होईल.

पार्ट डी 2006 च्या जानेवारीत सुरू झाला. कायदा 2003 चा. सरकारने ठरवलं की औषधांचा विमा खासगी कंपन्या विकतील आणि बराच खर्च सरकार सोसेल. पहिल्या वर्षी त्यात कुप्रसिद्ध 'डोनट होल' होतं. औषधांचा एकूण खर्च 2,250 डॉलरवर गेला की 5,100 पर्यंतचा सगळा भार पेशंटवर, आणि त्यानंतर विमा पुन्हा सुरू. काउंटरवर हे आम्हाला उन्हाळा संपताना दिसायचं. जी माणसं मेपर्यंत वेळच्या वेळी औषध न्यायची, ती सप्टेंबरात अर्ध्याच गोळ्या द्या म्हणायची. ते भोक हळूहळू 2020 पर्यंत बुजवलं गेलं. पण वरचं टोक मोकळंच होतं. खूप महागडं औषध असेल तर शेवटच्या टप्प्यात पेशंटने पाच टक्के भरायचे आणि त्याला मर्यादा नाही. कॅन्सरच्या गोळ्यांचे पाच टक्के म्हणजे वर्षाला हजारो डॉलर.

2022 च्या ऑगस्टमध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट आला आणि त्याने पाया बदलला. 2023 पासून इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त 35 डॉलर आणि शिंगल्ससारख्या (नागिणीच्या) लशी फुकट. 2024 मध्ये ते पाच टक्के गेले. 2025 मध्ये वर्षाच्या खिशातल्या खर्चावर 2,000 डॉलरची मर्यादा आली. 2026 साठी ती 2,100 आहे. प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर एवढे भरून झाले की उरलेलं वर्ष शून्य.

आता प्रश्न असा की हे पैसे कुणीतरी भरतोच ना? पूर्वी त्या शेवटच्या टप्प्यात सरकार 80 टक्के द्यायचं आणि विमा कंपनी 15. आता ब्रँडेड औषधांसाठी कंपनी 60, औषध बनवणारी कंपनी 20 आणि सरकार 20. म्हणजे महागडी औषधं घेणारा पेशंट पूर्वी विमा कंपनीला फारसा जड नव्हता, आता तो जड आहे. तुम्हाला दिसणारे सगळे बदल इथून निघालेत. ठरावीक को-पे (दर वेळी काउंटरवर भरायची ठरलेली रक्कम) जाऊन टक्केवारी आली, औषधांची यादी आखडली, 'आधी परवानगी घ्या', 'आधी स्वस्त औषध करून बघा' या अटी वाढल्या, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम, जिथे नव्हतं तिथेही आलं. कायद्याने पेशंटच्या खर्चाला झाकण घातलं. मग कंपन्या झाकणाच्या खालच्या जागेत हात-पाय पसरणारच. मला त्यात नवल वाटत नाही. एकूण हिशेबात आजारी माणसाचं भलं झालंय असंच माझं मत आहे. फक्त जे फारसे आजारी नाहीत त्यांना ते दिसत नाही, त्यांना वाढलेला प्रीमियम दिसतो.

निवडही कमी होत चालली आहे. स्वतंत्र पार्ट डी प्लॅन देशभरात 2024 मध्ये 700 च्या आसपास होते, 2025 मध्ये 460 च्या घरात आणि 2026 साठी 360 च्या जवळपास. काही कंपन्यांनी हा धंदाच सोडला. पार्ट डी असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आता मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजमधून औषधविमा घेतात. तिथे डॉक्टर, हॉस्पिटल आणि औषधं एकाच कंपनीकडे, आणि औषधांचा वेगळा प्रीमियम बहुधा नाही किंवा नाममात्र. तुमच्या आई-बाबांना ती वाट बंद आहे. अ‍ॅडव्हांटेजला पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) आणि बी दोन्ही लागतात. इथे दहा वर्षं काम केलेलं नसल्यामुळे पार्ट ए त्यांना विकत घ्यावा लागेल, आणि 2026 मध्ये तो माणशी महिन्याला 565 डॉलर आहे. पार्ट डीला मात्र दोन्हींपैकी एक असलं की पुरतं. (पार्ट ए नसताना हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर काय, हा प्रश्न औषधांपेक्षा मोठा आहे. त्याचा वेगळा विचार नक्की करा.)

दर वर्षी असंच होणार का? प्रीमियम तर हलत राहणार. सरकार वाढीला आवर घालतंय. 2025 मध्ये स्वतंत्र प्लॅनला महिन्यामागे 35 डॉलरपेक्षा जास्त वाढ करता येत नव्हती, 2026 साठी ती मर्यादा 50 केली आहे. म्हणजे आवर सैल होतोय. बाबांची 43 ची वाढ नियमात बसते. चीड यावी अशी आहे, पण बेकायदा नाही.

आता बाबांचा हिशेब मांडू. कागद-पेन घ्या.

2026 च्या जानेवारीपासून दहा औषधांच्या किमती मेडिकेअरने स्वतः घासाघीस करून ठरवलेल्या लागू होतात. बाबांची दोन्ही महाग औषधं त्यात आहेत. एलिक्विसची महिन्याची छापील किंमत 521 डॉलर होती, आता मेडिकेअरसाठी 231. जार्डियन्स 573 वरून 197. मधुमेहाचंच जानुव्हिया 527 वरून 113. ही दहा औषधं प्रत्येक पार्ट डी प्लॅनला यादीत ठेवावीच लागतात, हेही लक्षात ठेवा. कुठल्या टियरमध्ये, म्हणजे भावाच्या पायरीवर, ठेवायची ते मात्र प्लॅन ठरवतो.

कायद्यातला साधा नमुना प्लॅन धरू: 2026 चं डिडक्टिबल 615, मग 25 टक्के. दोन्ही औषधं मिळून महिन्याचे 428 डॉलर. जानेवारीत पूर्ण 428 तुमच्या खिशातून. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे उरलेले 187, आणि बाकीच्या 241 चे 25 टक्के, म्हणजे एकूण 247. मार्चपासून दर महिन्याला 107. वर्षाचे 1,745 डॉलर. 2,100 च्या मर्यादेला हातही लागत नाही.

याची 2025 शी तुलना करा. एकटं एलिक्विस छापील किमतीने नमुना प्लॅनमध्ये घेतलं असतं तर 590 डिडक्टिबल आणि वरच्या रकमेचे 25 टक्के धरून वर्षाअखेर 2,000 ची मर्यादाच गाठली असती. 2026 मध्ये त्याच एलिक्विसला त्याच पद्धतीने 1,154 पडतात. टक्केवारी ऐकून घाबरायला होतं, पण टक्के कशाचे ते बघायचं. तुमच्या पत्रात एलिक्विसचा को-पे 47 वरून 25 टक्के झालाय, म्हणजे 57.75. जार्डियन्सचा 47 वरून 49.25. दोन्ही मिळून महिन्याला 13 डॉलरची वाढ. त्याच पत्रात प्रीमियम 43 ने वाढलाय. आणि नवा प्लॅन पहिल्या दोन महिन्यांत डिडक्टिबल म्हणून किती काढणार आहे ते दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे. भांडण व्हायला हवं ते त्या पानावर.

म्हणून सगळ्यात कमी प्रीमियमचा प्लॅन घेऊ का, याचं उत्तर बाबांसाठी वेगळं आणि आईसाठी वेगळं.

बाबांसाठी medicare.gov या मेडिकेअरच्या साइटवरचा प्लॅन शोधायचा भाग उघडा आणि त्यांची औषधं एक एक करून टाका. नुसतं नाव नाही, डोस आणि महिन्याच्या गोळ्या सुद्धा. एलिक्विस 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याला 60 गोळ्या. इथे घाईत 30 टाकणारे बरेच दिसतात, मग हिशेब निम्मा येतो आणि जानेवारीत धक्का बसतो. घराजवळच्या एकापेक्षा जास्त फार्मसी निवडा. प्लॅनच्या 'प्रेफर्ड' फार्मसीत एक भाव आणि रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात दुसरा, असं सर्रास असतं. मग क्रम लावताना 'प्रीमियम आणि औषधं मिळून वर्षाचा खर्च' हा पर्याय घ्या. पडद्यावर सगळ्यात वर येणारा प्लॅन बहुतेक वेळा सगळ्यात कमी प्रीमियमचा नसतो. शेवटी पहिल्या दोन-तीन प्लॅनमध्ये औषधांसमोर परवानगीची किंवा संख्येच्या मर्यादेची खूण आहे का ते बघा. पन्नास डॉलर वाचवून दर वर्षी परवानगीच्या मागे धावायचं असेल तर ते पैसे वाचले म्हणता येत नाहीत. माझा कल अशा वेळी थोड्या महाग पण बिनअटीच्या प्लॅनकडे असतो.

मेटफॉर्मिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखी जेनेरिक औषधं विम्याशिवायही कूपनने किंवा थेट ऑनलाइन दुकानातून स्वस्त मिळतात. कधी कधी प्लॅनपेक्षाही स्वस्त. घ्या खुशाल. फक्त असा विम्याबाहेरचा खर्च 2,100 च्या मर्यादेत आपोआप धरला जात नाही. बाबांच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही. ज्यांना दर महिन्याला हजारोंचं औषध आहे त्यांना पडतो.

आईचं उलट आहे. तिला दोन स्वस्त गोळ्या. तिच्यासाठी कमीत कमी प्रीमियमचा प्लॅन घ्या. तुमच्या भागात शून्य प्रीमियमचा स्वतंत्र प्लॅन असेल तर तोच. कारण तिला विमा आज नको असला तरी दंड वाढतोय. पार्ट डी किंवा त्याच्या तोडीचा औषधविमा नसलेल्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय आधारभूत प्रीमियमचा एक टक्का, आणि तो जन्मभर. 2026 चा आधारभूत प्रीमियम 38.99 डॉलर. तिची पहिली नोंदणीची मुदत 2024 च्या एप्रिलमध्ये संपली असं धरलं तर डिसेंबर 2025 पर्यंत 20 महिने होतात. 38.99 चे 20 टक्के म्हणजे महिन्याला 7.80 डॉलर, प्लॅन कोणताही असो. आज हे फारसं नाही. पाच वर्षांनी तिच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, डॉक्टरांनी तिलाही एलिक्विस लिहिलं आणि तोवर विमा नसेल, तर दंड चौपट झालेला असेल. शिवाय नोंदणी फक्त 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळातच करता येते आणि विमा 1 जानेवारीला सुरू होतो. मार्चमध्ये आजारी पडलेल्याला डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं.

पण हे सगळं दुसऱ्या पायरीचं. पहिली पायरी आपल्या लोकांकडून हमखास सुटते, आणि तुमच्या पत्रातही तिचा उल्लेख नाही.

न्यू जर्सीत पीएएडी नावाची राज्याची योजना आहे. पासष्टीच्या पुढच्या रहिवाशांसाठी. 2025 ची उत्पन्नाची मर्यादा एकट्याला 53,446 आणि जोडप्याला 60,690 डॉलर, आणि बचत किती आहे ते विचारत नाहीत. त्यात बसलात तर जेनेरिक औषधाला 5 डॉलर आणि ब्रँडेडला 7, बस्स. डिडक्टिबलच्या महिन्यातही. बाबांचे वर्षाचे 1,745 डॉलर या योजनेत दोन औषधांचे मिळून 168 होतात. वरून ठरावीक साध्या प्लॅनचा प्रीमियमही योजना भरते, म्हणून प्लॅन निवडायच्या आधी हे बघायचं. थोडं जास्त उत्पन्न असेल तर सीनियर गोल्ड नावाची तिची धाकटी बहीण आहे. अर्ज एनजेसेव्ह या एकाच ऑनलाइन फॉर्मवर होतो. न्यूयॉर्कमध्ये एपिक आहे, पेनसिल्व्हेनियात पेस आणि पेसनेट. आपल्याकडे 'सरकारी योजना म्हणजे गरिबांसाठी, लोक काय म्हणतील' असं म्हणून चांगल्या शिकलेल्या घरांत अर्जच केला जात नाही. आई-बाबांची स्वतःची मिळकत पुण्याहून येणारं पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढीच असेल तर ती या मर्यादेच्या कितीतरी खाली असणार. तुमचा पगार इथे मोजत नाहीत.

याहून खालच्या उत्पन्नासाठी केंद्राची एक्स्ट्रा हेल्प आहे, सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन खात्याकडे अर्ज करायची. 2025 च्या आकड्यांप्रमाणे जोडप्याचं वर्षाचं उत्पन्न 31,725 च्या आत आणि बचत 35,130 च्या आत. मुलाच्या घरी राहून जेवताय, याला उत्पन्न धरत नाहीत. मिळाली तर 2026 मध्ये जेनेरिक जास्तीत जास्त 5.10, ब्रँडेड 12.65, आणि आईचा उशिराचा दंडही माफ. पण इथे एक गोष्ट सरळ सांगतो. बचतीत भारतातली एफडी धरायची, आणि राहत्या घराशिवायची मालमत्ता, म्हणजे कोथरूडचा बंद फ्लॅट, तोही धरायचा. 'त्यांना काय कळणार आहे' हे वाक्य मी टेबलापलीकडून बऱ्याचदा ऐकलंय. अर्जावर खोटी माहिती दिल्यास शिक्षा होऊ शकते असं लिहून त्याखाली सही असते. फ्लॅट असेल तर एक्स्ट्रा हेल्पचा नाद सोडा आणि पीएएडीकडे जा, तिथे फ्लॅटचा अडसर नाही.

या योजनांचा अजून एक फायदा असा की 7 डिसेंबर हुकला तरी दार पूर्ण बंद होत नाही. राज्याच्या योजनेत असलेल्याला वर्षातून एकदा प्लॅन घ्यायची किंवा बदलायची मुभा मिळते, एक्स्ट्रा हेल्प असणाऱ्याला दर महिन्याला स्वतंत्र प्लॅनमध्ये जाता येतं.

आता भारतातून औषधं आणण्याबद्दल. काउंटरवर एखाद्या आजी झिपलॉकची पिशवी उलटी करायच्या: ग्लायकोमेट, टेल्मा, इकोस्प्रिन, आणि एक अर्धी वापरलेली पट्टी, व्हिल्डाग्लिप्टिन 50 आणि मेटफॉर्मिन 500 एकत्र. 'ही तेवढी इथे द्या, संपत आलीय.' ती देता येत नाही, कारण मधुमेहाच्या व्हिल्डाग्लिप्टिनला अमेरिकेत मान्यताच नाही. व्होग्लिबोजला नाही, टेनेलिग्लिप्टिनलाही नाही. मग इथला डॉक्टर त्याच कुळातलं सिटाग्लिप्टिन, म्हणजे जानुव्हिया लिहितो, आणि पुण्यात काही रुपयांना मिळणारी गोळी इथे ब्रँडेड टियरमध्ये जाऊन बसते. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट भारतात 2019 च्या शेवटी संपलं तशा तिथल्या किमती कोसळल्या. जार्डियन्समधल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 च्या मार्चमध्ये संपलं आणि डझनावारी भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणलं. इथे जार्डियन्सचं जेनेरिक अजून नाही, एलिक्विसचं तर 2028 च्या एप्रिलआधी येत नाही. तेव्हा बाबा 'हे लोक लुटतात' म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसकट आणली तर सहसा कुणी अडवत नाही. येताना मूळ पॅकमध्ये आणा, मोकळ्या गोळ्या डबीत भरून नकोत. पण भारतातल्या औषधांवर पूर्ण विसंबून विमा न घेणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण किंमत नाही. इथल्या फार्मसीच्या कॉम्प्युटरला बाबा तिकडून आणलेलं काय घेतात ते माहीत नसतं. एलिक्विस चालू असताना इथल्या डॉक्टरने एखादं बुरशीचं किंवा फिटचं औषध लिहिलं आणि दोघांचा संबंध कुणाला दिसला नाही, तर रक्तस्राव किंवा रक्ताची गुठळी, काहीही होऊ शकतं. रक्त पातळ करणारं औषध तरी इथूनच, एकाच फार्मसीतून घ्या. आणलेल्या औषधांची नावं घटकांसकट लिहून तीही फार्मसिस्टला द्या. तो ती नोंदीत घालतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

उलट बाजूही सांगून ठेवतो. आई-बाबा डिसेंबरात पुण्याला जाणार असतील तर पार्ट डी भारतातल्या औषधाचा एक डॉलरही देत नाही. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी फार्मसीत 90 दिवसांचा साठा मागा, आणि प्लॅनने 'इतक्या लवकर नाही' म्हटलं तर प्रवासासाठीची सवलत मिळते का ते फोन करून विचारा.

हे वाचणाऱ्यांत सत्तरच्या दशकात इथे आलेले, आता पंचाहत्तरी पार केलेले इंजिनिअर-डॉक्टरही असतील. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. प्लॅनचा प्रीमियम 20 डॉलर असताना सोशल सिक्युरिटीतून जास्त कापतात, ते का? तो उत्पन्नावरचा जादा आकार. 2026 साठी जोडप्याचं उत्पन्न 2,18,000 डॉलरच्या वर, एकट्याचं 1,09,000 च्या वर असेल तर माणशी महिन्याला 14.50 ते 91 डॉलर, पार्ट डीसाठी. पार्ट बीचा आकार वेगळा. हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून होतो, म्हणजे 2024 च्या. मधल्या काळात निवृत्त झालात किंवा जोडीदार गेला असेल तर एसएसए-44 नावाचा फॉर्म भरून तो कमी करून घेता येतो. पण 2024 मध्ये डेक्कनची वडिलोपार्जित जागा विकली आणि त्या नफ्याने उत्पन्न फुगलं, हे कारण चालत नाही. असं विकायचं ठरवताना सीएला भारतातला टॅक्स विचारता, तसं दोन वर्षांनंतर मेडिकेअरचं काय होईल तेही विचारा.

ज्यांना खरोखर महागडं औषध आहे, कॅन्सरची गोळी किंवा संधिवाताचं इंजेक्शन, त्यांची जानेवारीतच 2,100 ची मर्यादा गाठली जाते. ते एकदम भरवत नसतील तर 2025 पासून हप्त्यांची सोय आहे. काउंटरवर शून्य भरायचं, प्लॅन घरी बिल पाठवतो, व्याज नाही. जानेवारीतच सुरू केलं तर महिन्याला 175 पडतात. सप्टेंबरात सुरू करण्यात फारसा अर्थ नाही, थोडेच महिने उरतात आणि हप्ता फुगतो. पीएएडी किंवा एक्स्ट्रा हेल्प मिळाली तर बाबांना याची गरजच नाही. आणि 2,100 च्या मर्यादेत प्रीमियम धरलेला नाही, यादीबाहेरचं औषध धरलेलं नाही, हॉस्पिटलात किंवा डॉक्टरकडे शिरेतून दिलेलं पार्ट बीचं औषधही धरलेलं नाही. 'मर्यादा आहे ना' म्हणून यादी न बघता प्लॅन घेणाऱ्यांची फसगत इथे होते.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात टेबल मांडून बसलेल्या एजंटबद्दलही विचारलं जातं. बरेच प्रामाणिक असतात. पण अलीकडे काही कंपन्यांनी स्वतंत्र पार्ट डी प्लॅनवर एजंटला कमिशन देणं बंद केलंय, त्यामुळे बाबांसाठी सगळ्यात स्वस्त पडणारा प्लॅन त्याच्या यादीत नसण्याची शक्यता आहे. त्याला एवढंच विचारा: 'तुम्ही सगळे प्लॅन दाखवताय की तुमच्याकडचे?' शिपच्या सल्लागाराला कमिशन नसतं. कॅलिफोर्नियात त्याच कार्यक्रमाला हायकॅप म्हणतात. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागता येतो. आई-बाबांना सोबत घेऊन या. त्यांच्या परवानगीशिवाय मला त्यांच्या खात्यात बघता येत नाही.

शेवटचं, जानेवारीसाठी. नवा प्लॅन घेतला आणि पहिल्याच फेरीत काउंटरवर 'हे औषध कव्हर नाही' किंवा 'परवानगी हवी' असं ऐकू आलं तर परत फिरू नका आणि रोखीनेही घेऊ नका. नव्या प्लॅनमध्ये पहिल्या 90 दिवसांत, आधीपासून चालू असलेल्या औषधाचा एक महिन्याचा साठा एकदा द्यावाच लागतो. फार्मसिस्टला 'ट्रान्झिशन फिल करा' असं त्याच शब्दांत सांगा. गर्दीत नव्या माणसाला ते सुचेलच असं नाही. त्या महिन्यात डॉक्टरांकडून प्लॅनकडे अपवादाची विनंती पाठवा. डॉक्टरांचं कारण पोहोचल्यापासून 72 तासांत उत्तर द्यावं लागतं, तातडीचं असेल तर 24 तासांत. एलिक्विस हे एक दिवसही चुकवायचं औषध नाही, म्हणून विनंतीवर 'तातडीचं' लिहायला डॉक्टरांना आठवणीने सांगा.